परतीच्या ओळी

वूच शहरात जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
सेवेरिनच्या तळघरातले कधी विझतच नसत.
टेबलावर चौदा इंची मॉनिटर, कवच काढलेला,
काचेची मान उघडी.
सेवेरिन एकाच हाताने काम करायचा,
दुसरा खिशात.
"नळी बंद केली," म्हणायचा, "तरी राग धरून बसते."

मॉनिटर आला होता बंद पडलेल्या कापडगिरणीतून,
नक्षी साठवणाऱ्या संगणकासकट.
माग भंगारात गेले, हे एवढं उरलं.
पडद्यावर चित्र होतं, पण ठरत नव्हतं,
वर वर सरकत राहायचं,
कुणी न थांबता थान गुंडाळावं तसं.

मी एकोणीस वर्षांची, वही नवी.
"उभी वारंवारिता काढ, यागोदा," तो म्हणाला.
"सेकंदाला किती वेळा हा किरण
पडदा वरून खाली भरतो, ते."
आडवा आकडा त्यानेच दिला:
सेकंदाला एकतीस हजार चारशे एकोणसत्तर ओळी.
पडद्यावर ओळी चारशे ऐंशी.
भागाकार तर शाळेतला.
पासष्ट पूर्णांक छप्पन.
खाली दोन रेघा ओढल्या.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला,
आणि ऑसिलोस्कोपची वायर माझ्या हातात दिली.

हिरव्या रेषेवर दोन शिखरं.
त्यांच्यामध्ये सोळा पूर्णांक अडुसष्ट मिलिसेकंद.
म्हणजे साठाच्या जरा आत.
माझ्या पासष्टातले पाच आणि वर थोडं
कुठे सांडलं?
पुन्हा भागलं. पेन्सिल बदलून भागलं.
उत्तर हट्टी, माझ्यासारखंच.

तेवढ्यात बोगुमिवा बीटाचं सार घेऊन उतरली,
सेवेरिनची थोरली बहीण,
त्याच गिरणीत एकतीस वर्षं मागावर,
डाव्या कानाने त्या वर्षांचा मोबदला दिलेला.
तिने वही उलटीच वाचली.
"खाली पोचल्यावर तो वर कसा येतो?"
"कोण?"
"तुझा तो धागा."
"किरण. उडी मारून."
"मग उडीला वेळ लागत नाही?"

सेवेरिन हसला. सार सांडलं.

"माझा धोटा," ती म्हणाली, "जाताना विणायचा,
येतानाही विणायचा.
हा बिचारा रिकामाच परततो."

रिकामाच. विझून.
दिसू नये म्हणून अंधारात
कोपऱ्यातून कोपऱ्यात,
वर आणि खाली थोडी वाट मोकळी ठेवून.
त्या परतीला आणि मोकळ्या वाटेला लागणारा वेळ
पंचेचाळीस ओळींचा.
कुणी पाहत नाही त्या,
पण घड्याळ त्यांनाही मोजतं.
चारशे ऐंशीत पंचेचाळीस मिळवले. पाचशे पंचवीस.
भागलं.
एकोणसाठ पूर्णांक चौऱ्याण्णव.

सेवेरिनने खिशातला हात काढला नाही.
एका बोटाने मागचा स्क्रू पाव वळसा फिरवला,
आणि थान थांबलं.

नेचाची पानं. कुठल्याशा पडद्यांची नक्षी.
बोगुमिवा काचेजवळ झुकली, नाकाचा धूर उमटेल इतकी.
"हे मी विणलंय," म्हणाली.
"बाराशे मीटर. देठ नेहमी एक घर चुकायचा."
मी पाहिलं. चुकलेला होता.

मी पडद्यापुढे पेन्सिल हलवली,
एकीच्या सहा झाल्या, पंख्यासारख्या.
नळीच्या उजेडाच्या हप्त्यांनी
हालचालीचे तुकडे केले.
मधल्या काळोखाचं काय झालं,
ते मात्र दिसत नाही.

रात्री तिला घरापर्यंत सोडायला गेले.
पाळी सुटल्यावर ती याच वाटेने यायची,
चाळीस मिनिटं, बर्फ असेल तर तास.
"याचा पगार?" मी विचारलं, उगाच.
बहिऱ्या बाजूने विचारलं असावं.
ती पुढे चालत राहिली,
बर्फात पाय कुठे टाकायचा ते बघत.